चिपाडापासून पारदर्शक लाकडापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकूडकाम आणि बांबूकामाच्या कार्यशाळांत लोक जे विचारतात आणि नंतर निरोपांतून जे पुन्हा पुन्हा येतं, त्यातले वीस प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणाऱ्यांत घर सजवणारे आहेत, कापूसवाले शेतकरी आहेत, सुतार आहेत, वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

वाचताना एक लक्षात येईल. जवळपास प्रत्येक उत्तर दोन प्रश्नांपाशी येतं: या तंतूंना धरून कशाने ठेवलंय, आणि त्याला पाणी लागलं तर काय होईल? दुकानात गेलात की हेच दोन प्रश्न आधी विचारा.

१. लाकूड, बांबू, काथ्या, ताग, उसाचं चिपाड हे सगळं एकाच यादीत कसं?

कारण आतली बांधणी एकच आहे. सह्याद्रीच्या गावांत कारवीचा कूड पाहिला असेल. उभ्या काठ्या, त्यांना बांधून ठेवणारे आडवे बंध आणि वरून शेणामातीचं लिंपण. वनस्पतीच्या पेशीची भिंत तशीच असते. सेल्युलोजचे लांब तंतू म्हणजे काठ्या, हेमिसेल्युलोज म्हणजे बंध आणि लिग्निन म्हणजे सगळं ताठ करणारं लिंपण. फरक असतो तो प्रमाणाचा. कापसात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, म्हणून तो मऊ. लाकडात सेल्युलोज ४० ते ५० टक्के आणि लिग्निन साधारण पाव हिस्सा, म्हणून झाड उभं राहतं. नारळाच्या सोडणात लिग्निन लाकडापेक्षाही जास्त, म्हणून काथ्या खाऱ्या पाण्यातसुद्धा लवकर कुजत नाही.

जाता जाता नावाचा एक घोळ मिटवतो. आपल्या शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग आणि बंगालमधून येणाऱ्या गोणपाटाचा ताग या दोन वेगळ्या वनस्पती आहेत.

२. लाकूड तर हजारो वर्षं वापरतोय. मग यात 'नवीन' काय?

पूर्वी झाड जसं मिळेल तसं स्वीकारावं लागायचं. लांबी झाडाच्या उंचीएवढी, गाठी असतील तिथे कमजोरी, आणि सागासारखी टिकाऊ जात नसेल तर वाळवी ठरलेली. आता झाड सोडवून पुन्हा बांधता येतं. फळ्या आडव्या-उभ्या चिकटवून भिंतीएवढे जाड फलक करतात (प्रश्न १७). लिग्निन काढून लाकूड दाबतात किंवा पारदर्शक करतात (प्रश्न १५ आणि १६). साध्या लाकडाचा स्वभावही बदलता येतो. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात लाकूड सुमारे १८० ते २१५ अंशांवर वाफेत भाजायची पद्धत रुळली. त्यात पाणी ओढणारं हेमिसेल्युलोज मोडतं, लाकूड कमी फुगतं आणि बुरशीला खाद्य उरत नाही. रसायनाची फवारणी नाही, नुसती उष्णता. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. भाजलेलं लाकूड ठिसूळ होतं, त्यामुळे ते बाहेरच्या आच्छादनाला उत्तम, तुळईला नाही.

३. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, एचडीएचएमआर. सिंकखालच्या कपाटाला काय लावू?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

प्लाय म्हणजे लाकडाचे पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे ठेवून दाबलेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा गोंदात दाबलेल्या. एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू सुटे करून दाबतात, म्हणून तो कोरायला, रंगवायला गुळगुळीत. एचडीएचएमआर हे व्यापारातलं नाव आहे. तो एमडीएफच्याच घराण्यातला, जास्त घट्ट दाबलेला आणि ओल अधिक सोसणाऱ्या गोंदाचा बोर्ड.

अख्खं लाकूड ओलं झालं की फुगतं आणि वाळलं की बरंचसं बसतं. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ एकदा फुगला की पुन्हा बसत नाही, कारण कारखान्यात दाबून बसवलेल्या चिपा ओलीने मोकळ्या होऊन उठतात. म्हणून सिंकखाली हे दोन्ही नकोत.

प्लायमध्ये गोंद बघा. 'एमआर' या अक्षरांमुळे खूप लोक फसतात. त्याचा अर्थ 'दमट हवा सोसणारा' एवढाच आहे, गळणारं पाणी सोसणारा नव्हे. माझ्या पहिल्या स्वयंपाकघरात मी सिंकखाली एमआर प्लाय लावला आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. सिंकखाली आयएस ७१० शिक्का असलेला प्लाय घ्या. त्यात फिनॉलचा गोंद असतो आणि मानकानुसार त्याला ७२ तास उकळण्याच्या चाचणीत टिकावं लागतं. शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा जुन्या पातेल्यात काही तास उकळा. युरियाचा गोंद असेल तर पापुद्रे तेवढ्यात सुटतात. कापलेल्या कडेला फिनॉलच्या गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसते, हीसुद्धा एक खूण. पण गोंदात रंग मिसळताही येतो, त्यामुळे खुणेपेक्षा उकळण्यावर विश्वास ठेवा.

आणि प्लाय कितीही चांगला असला तरी कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. पाणी कडेनेच शिरतं. सुताराला सांगून नळाच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडसुद्धा सील करून घ्या. ती नेहमी राहून जाते.

बेडरूमचं कपाट, टीव्हीचं युनिट, पुस्तकांच्या मांडणीची पाठ अशा कोरड्या जागी एमडीएफ चालतो. मात्र त्यात स्क्रू एकदा काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पकड जाते. बिजागऱ्या वारंवार हलणार असतील तर प्लायच बरा.

४. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकूडच ना? दुकानदार म्हणतो वाळवी लागत नाही, पाणी लागलं तरी चालतं.

तो दोन्ही खरं सांगतोय. डब्ल्यूपीसी म्हणजे वुड-प्लास्टिक कॉम्पोझिट, लाकूड आणि प्लास्टिकचं मिश्रण. पण वाळवी लागत नाही याचं कारणच हे की त्यात लाकूड थोडं आणि प्लास्टिक जास्त असतं. या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ बोर्डांत पीव्हीसी फेसाळून त्यात लाकडाची पूड किंवा चुनखडीची पूड मिसळलेली असते. बाथरूमची चौकट, बाल्कनीतलं कपाट, सिंकखालचा खण यांना ते उपयोगी आहे. लांब फळीला मात्र जपून वापरा. प्लास्टिकवर वजन सतत राहिलं की ते हळूहळू वाकतं आणि उन्हात लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. तीन फुटांच्या वर पुस्तकांची मांडणी करणार असाल तर मधे आधार द्या. आणि मोडल्यावर त्यातलं लाकूड आणि प्लास्टिक वेगळं करणं फार कठीण असतं. 'पर्यावरणपूरक' असा शिक्का वाचताना हे लक्षात असू द्या. जाळण्याबद्दल प्रश्न २० पाहा.

५. नवीन फर्निचर आणल्यापासून खोलीत वास येतो, डोळे चुरचुरतात. काळजी करावी का?

करावी, पण घाबरून सामान फेकू नये. हा वास बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडचा असतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड हा स्वस्त आणि झटकन घट्ट होणारा गोंद प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड या सगळ्यांत वापरला जातो. ओल आणि उष्णतेने तो थोडा थोडा मोडत राहतो आणि वायू सोडतो. म्हणून मे-जूनमध्ये वास वाढतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवू शकतं असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. घरातल्या हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ते असू नये, अशी संघटनेची शिफारस आहे.

करण्यासारखं असं. खरेदीपूर्वी ई१ (हा वायू कमी सोडणाऱ्या बोर्डाचा दर्जा) किंवा त्याहून कडक दर्जा मागा आणि तो बोर्डावर छापलेला पाहा, तोंडी घेऊ नका. नवीन कपाटाची दारं पहिले काही आठवडे दिवसा उघडी ठेवा आणि खिडक्याही. न झाकलेल्या कडा, पाठीची बाजू, स्क्रूची भोकं बंद करून घ्या, कारण वायू तिथूनच जास्त सुटतो. पहिल्या काही महिन्यांत प्रमाण उतरत जातं. तान्ह्या बाळाची किंवा दम्याच्या माणसाची खोली असेल तर बाळ येण्याच्या आदल्या आठवड्यात फर्निचर करून घेऊ नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण नेमकं तसंच केलं जातं. खोलीत कुंड्या ठेवून हा वायू पुरेसा कमी होत नाही.

६. मग बिनगोंदाचा बोर्ड असू शकत नाही का?

असू शकतो, आणि कल्पना जुनी आहे. विल्यम मेसन या अमेरिकी माणसाने १९२४मध्ये लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबाने फोडून, मिळालेले तंतू तापवून दाबले. लाकडातलं लिग्निनच मऊ होऊन त्यांना चिकटलं. त्यातून हार्डबोर्ड आला. हेच तत्त्व नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथल्या संशोधकांनी नारळाच्या अख्ख्या सोडणाला लावलं. सोडण दळून तापत्या दाबाखाली ठेवलं की त्यातलं भरपूर लिग्निन गोंदाचं काम करतं आणि घट्ट, जड बोर्ड तयार होतो. काथ्या वेगळा काढायची गरजही उरत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत नारळाच्या बागांच्या कडेला सोडणांचे ढीग पावसात भिजत पडलेले पाहिले की मला दर वेळी या बोर्डाची आठवण होते. कोकणातल्या एखाद्या उद्योजकाने हे मनावर घ्यावं असं मनापासून वाटतं.

७. आमच्याकडे दर वर्षी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळतात. तिचा बोर्ड होतो म्हणे. विकत कोण घेणार?

बोर्ड होतो, यात शंका नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४पासून असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत बसवली आहे. पऱ्हाटीचा कडक भाग गुणाने पानझडी लाकडाच्या जवळचा असतो. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, आणि कापसाखालचं क्षेत्र देशात सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहे.

अडतं ते गोळा करण्यात. पऱ्हाटी हलकी आणि पसरट. ट्रॉली भरलेली दिसते, काट्यावर वजन काहीच भरत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे नेली की डिझेलच तिची किंमत खाऊन टाकतं. म्हणून शेतावर किंवा गावातच तिचे तुकडे करणारं यंत्र हवं. शिवाय बोंडं, पालापाचोळा, माती त्यात राहिली तर बोर्ड कमजोर होतो. माल वर्षातून दोन-तीन महिनेच येतो आणि कारखान्याला बारा महिने लागतो, म्हणून कोरडी साठवणूक हवी. गंजी पेटण्याची भीती वेगळीच.

तरीही मी याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण बोर्डापेक्षा मोठं आहे. फरदड घेतली (हंगाम संपल्यावरही कापूस शेतात ठेवून आणखी वेचणी घेतली) किंवा पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. पऱ्हाटीला वेळेवर गिऱ्हाईक मिळालं तर शेत वेळेवर मोकळं होईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आधी खरेदीदाराशी लेखी बोलणी करावीत, मगच तुकडे करणारं यंत्र घ्यावं. उलट क्रमाने गेलेले लोक मी पाहिले आहेत, यंत्र शेडमध्ये पडून आहे.

उसाच्या चिपाडाचं गणित वेगळं. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलं बगॅस निघतं आणि ते कारखान्याच्या आवारात आयतं साचतं, गोळा करण्याचा प्रश्नच नाही. पण साखर कारखाना ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतो. बोर्डवाल्याला किंवा कागदवाल्याला त्या विजेच्या किमतीशी स्पर्धा करावी लागते. शिवाय बगॅसचा जवळपास तिसरा हिस्सा स्पंजासारखा गर असतो, तो वेगळा केल्याशिवाय चांगला बोर्ड होत नाही.

८. केळीच्या खांबापासून धागा निघतो, असं जळगावला ऐकलं. धंदा होईल का?

धागा चांगला निघतो, चमकदार आणि मजबूत. चटया, दोर, हातकागद, पिशव्या, सॅनिटरी पॅडचा शोषक थर यांत तो वापरला जातोय. पण खांबाच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. टनभर खांब ओढून आणला तर हाती येणारा कोरडा धागा किलोंमध्येच मोजायचा. म्हणून यंत्र बागेजवळ हवं, आणि उरलेला चोथा-पाणी यांचं खत करून विकता आलं तरच हिशेब बसतो. नुसत्या धाग्यावर अवलंबून राहू नका.

९. बगॅसच्या ताटल्या खरंच मातीत जातात का?

निव्वळ बगॅसची ताटली शेणखताच्या खड्ड्यात काही महिन्यांत जिरते. अपवाद दोन आहेत.

एक, तेलकट भाजी झिरपू नये म्हणून काही ताटल्यांत पीएफएएस गटातली रसायनं घालत असत. ती निसर्गात मोडतच नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की अन्नाच्या वेष्टनांत तेल अडवण्यासाठी वापरले जाणारे असे पदार्थ तिथे आता विकले जात नाहीत. इथे मोठी ऑर्डर देताना पुरवठादाराकडून 'पीएफएएस नाही' असं लेखी घ्या. दोन, आतून चकचकीत थर असेल तर तो प्लास्टिकचा किंवा पीएलएचा असू शकतो. पीएलए मक्यापासून होतं हे खरं, पण ते मोडायला औद्योगिक कंपोस्टिंगची ५५-६० अंशांची उष्णता लागते. घरच्या कुंडीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

लग्नाच्या पंगतीसाठी पळसाच्या किंवा मोहाच्या पानांची पत्रावळ मिळत असेल तर मी आधी तीच घ्यायला सांगेन.

१०. बांबूचं फर्निचर केलं आणि सहा महिन्यांत खाली पिवळी पूड पडायला लागली. काय चुकलं?

भुंगा लागला. त्याला बांबूतला पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, हवा असतो. चूक बहुधा तोडणीतच झाली. कोवळा बांबू, किंवा पावसाळ्यात कोंब वाढत असताना तोडलेला बांबू, स्टार्चने भरलेला असतो. तीन वर्षांहून जुना बांबू, पाऊस संपल्यावर थंडीत तोडायचा. वद्य पक्षात तोडावा असं जुनी माणसं सांगतात. ते पाळायचं तर पाळा, पण त्यासाठी वय आणि ऋतू चुकवू नका.

तोडल्यावर ओढ्यात काही आठवडे बुडवून ठेवायची रीत होती. स्टार्च आणि साखर त्यात निघून जाते, उपचार तेवढाच पण खरा. आज खात्रीचा उपाय म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं साधारण पाच टक्के द्रावण. गाठीतले पडदे लांब सळईने फोडायचे, बांबू द्रावणात बुडवायचा, मग सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर तडकतो.

आता अपवाद, जो बरेच जण विसरतात. बोरॉन पाण्यात विरघळतं. पावसात भिजणाऱ्या कुंपणाला, मांडवाला किंवा जमिनीत पुरलेल्या खांबाला ही प्रक्रिया टिकत नाही. तिथे बांबू जमिनीपासून दगडावर किंवा सिमेंटच्या जोत्यावर उचला आणि वर चांगला लांब पागोळीचा छपराचा भाग द्या. 'पायात चांगले जोडे, डोक्यावर चांगली टोपी' असं बांबू बांधणारे म्हणतात ते याचसाठी.

जातींबद्दल: कोकणातला माणगा भरीव आणि सरळ, फर्निचरला फार चांगला. विदर्भातला मानवेलही भरीव असतो. कटांग जाड, पोकळ आणि काटेरी. कामाप्रमाणे जात निवडा. हाताने शिकायचं असेल तर मेळघाटात लवादा इथलं संपूर्ण बांबू केंद्र आणि कुडाळचं कोनबॅक ही दोन ठिकाणं आहेत. आणि तुमच्या गावच्या बुरडाला विचारायला विसरू नका. कांब कशी फाडायची हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं.

११. शेतातला बांबू तोडायला वनखात्याची परवानगी लागते का?

जंगलाबाहेरच्या, म्हणजे तुमच्या शेतातल्या बांबूला नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' या व्याख्येत होता. नोव्हेंबर २०१७मध्ये वटहुकमाने आणि मग कायद्याने तो व्याख्येतून काढला.

जंगलातल्या बांबूचा रस्ता वेगळा, आणि तो गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने खुला केला. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपला बांबू आपण विकण्यासाठी चिकाटीने लढली. एप्रिल २०११मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूच्या कोणत्याही नव्या तंत्रापेक्षा ही घटना मला मोठी वाटते.

१२. महामार्गाच्या कडेला बांबूचा कठडा लावलाय. गाडी धडकली तर?

मार्च २०२३मध्ये वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा 'बाहुबली' नावाचा कठडा बसवला. त्यासाठी बांबुसा बाल्कोआ जातीचा बांबू, त्याला क्रिओसोट तेलाची प्रक्रिया आणि वरून पुनर्वापरातल्या एचडीपीई प्लास्टिकचं आवरण. धडकेची चाचणी पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात झाली, आगीची रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत. आता प्रस्तावनेतला पाण्याचा प्रश्न याला लावून पाहा. पाणी आत जाऊ नये म्हणून आवरण, आणि गेलंच तर तेल. पण क्रिओसोट हे घरात आणायचं तेल नाही. का, ते प्रश्न १९मध्ये आहे.

१३. बांबूच्या कापडाचे मोजे, टॉवेल खरंच बांबूचे असतात का?

बहुतेक वेळा ते व्हिस्कोस रेयॉन असतं. बांबू कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून, त्यातलं सेल्युलोज पुन्हा धाग्यात ओढतात. धागा मऊ असतो, पण त्यात 'बांबूचे गुण' उरत नाहीत. निलगिरीपासूनही तोच धागा होतो. कार्बन डायसल्फाइड कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला अपायकारक आहे. अशा रेयॉनला 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेत २०२२मध्ये कोल्स आणि वॉलमार्ट या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड झाला. त्यातल्या त्यात लायोसेल (सेल्युलोज वेगळ्या द्रावकात विरघळवून ओढलेला धागा) निवडा. त्यातलं द्रावक जवळजवळ सगळं परत वापरतात.

१४. 'बांबू फायबर'चा कप घेतला. गरम चहा ओतू का?

नको. तो कप बहुधा मेलामाइन प्लास्टिकचा असतो आणि बांबूची पूड त्यात भरणा म्हणून घातलेली असते. गरम, आंबट पदार्थाने मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड पाझरू शकतं, आणि पुडीमुळे प्लास्टिक लवकर झिजतं. युरोपीय संघात अन्नाच्या प्लास्टिक भांड्यांत अशी पूड घालण्याला मान्यता नाही. बांबूच्या पेराचा कोरलेला पेला ही वेगळी वस्तू. पेर आणि गाठ दिसत असेल तर तो खरा.

१५. पोलादापेक्षा मजबूत लाकूड निघालंय, हे खरं का?

हो, पण वजनाच्या हिशेबात. लियांगबिंग हू आणि तेंग ली यांच्या मेरीलँड विद्यापीठातल्या गटाने २०१८मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ही पद्धत मांडली. लाकूड सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फाइटमध्ये उकळून लिग्निन थोडं काढायचं, सगळं नाही, आणि मग सुमारे १०० अंशांवर दाबायचं. जाडी पाचव्या हिश्शावर येते, पोकळ पेशी मिटतात, सेल्युलोजचे तंतू एकमेकांना बिलगतात. मूळ लाकडापेक्षा ते सुमारे १२ पट मजबूत आणि १० पट चिवट झालं. मेरीलँडमधल्याच इन्व्हेंटवुड कंपनीने २०२५मध्ये ते बाजारासाठी करायला घेतलं. मला यात आवडतं ते हे, की बाहेरचा गोंद नाही. धरून ठेवणारं जे आहे ते लाकडातलंच. पण पाचपट लाकूड एका फळीत जातं, हेही विसरू नये.

१६. पारदर्शक लाकूड खिडकीला लावता येईल?

इतक्यात नाही. लाकडातलं लिग्निन काढून किंवा त्याचा रंग घालवून, रिकाम्या पेशींत सेल्युलोजएवढाच प्रकाश वळवणारं पॉलिमर भरतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झिगफ्रीड फिंक यांनी १९९२मध्ये पेशींचा अभ्यास करायला ते प्रथम केलं, आणि २०१६मध्ये स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेने पातळ तुकड्यातून ८५ टक्के प्रकाश जाऊ दिला. प्रकाश जातो, पण विखुरतो, त्यामुळे पलीकडचं धूसर दिसतं. छपरातून मऊ उजेड हवा असेल तिथे ते शोभेल. आणि भरलेलं पॉलिमर म्हणजे बहुधा प्लास्टिकच. नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजचे सूक्ष्मातिसूक्ष्म तंतू, मला जास्त जवळचं वाटतं. कागद, रंग, लेप यांना बळ द्यायला थोडंसं पुरतं, आणि कापसाच्या टाकाऊ बारीक तंतूंपासून ते करण्याचा पथदर्शी प्रकल्प सिरकॉटमध्येच (प्रश्न ७) आहे.

१७. लाकडाच्या २५ मजली इमारतीला आग लागली तर?

नॉर्वेतलं म्योस्टॉर्नेट ८५.४ मीटर उंच, १८ मजली (२०१९). अमेरिकेत मिलवॉकीचं असेंट २५ मजली (२०२२), त्यात खालचे पार्किंगचे मजले काँक्रीटचे. यांत जाड चिकटवलेल्या तुळया आणि फळ्यांचे आडवे-उभे थर, म्हणजे सीएलटी, वापरलं आहे.

काडी भुरकन पेटते, ओंडका रात्रभर धुमसतो, हे शेकोटीला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जाड लाकडाच्या बाहेर कोळशाचा थर तयार होतो आणि तो आतल्या भागाला उष्णतेपासून वाचवतो. आग मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर, म्हणजे तासाला साधारण चार सेंटिमीटर आत सरकते. अभियंता तेवढी जाडी जास्तीची धरतो. उघडं पोलाद मात्र ५५०-६०० अंशांना जवळपास निम्मी ताकद गमावतं. अडचण पुन्हा गोंदाची. काही गोंद उष्णतेत सैल होऊन थर गळून पडले आणि खालचं ताजं लाकूड पेटलं, असं चाचण्यांत दिसलं. म्हणून अमेरिकी मानकाने २०१८पासून उष्णता सोसणारा गोंद सक्तीचा केला.

आपल्याकडे आगीपेक्षा पाऊस आणि वाळवी हे मोठे प्रश्न आहेत. सीएलटी बांधकामात सतत कोरडं ठेवावं लागतं. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ते उघड्यावर उभारता येणार नाही. आणि त्याला लागणारं सूचिपर्णी लाकूड इथे फार होत नाही. बांबूचे चिकटवलेले थर हा आपला मार्ग असू शकतो. बंगळूर विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या छतात असा बांबू डोक्यावर पाहायला मिळतो.

१८. झाडं तोडून पर्यावरण कसं वाचणार?

कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. एक किलो कोरडं लाकूड म्हणजे हवेतून उचललेला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड. ते तुळई म्हणून शंभर वर्षं राहिलं तर कार्बनही तेवढा काळ अडकून राहतो. जाळलं किंवा कुजलं की परत जातो. त्यामुळे हा फायदा दोन अटींवर उभा आहे: तोडल्याच्या जागी पुन्हा झाड वाढलं पाहिजे आणि वस्तू दीर्घकाळ टिकली पाहिजे. तीन वर्षांत फुगून कचऱ्यात जाणारं पार्टिकल बोर्डाचं कपाट यात बसत नाही. नैसर्गिक जंगल कापून निलगिरी लावणं तर मुळीच नाही. देवराई आणि लागवड या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. शेताच्या कडेचा बांबू, उसाचं चिपाड, पऱ्हाटी यांच्याबाबत मात्र मी निश्चिंत असतो, कारण ते दर वर्षी येतंच.

१९. जुन्या वाड्याचं सागवान किंवा रेल्वेचे लाकडी स्लीपर घेऊन टेबल करू का?

वाड्याचं सागवान जरूर घ्या. ते मुरलेलं असतं, आता तसं मिळणं कठीण. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडं घासू नका. ओलं करून खरवडा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

स्लीपर मात्र जपून. अनेक लाकडी स्लीपरना क्रिओसोट मुरवलेलं असे. डांबरासारखा वास, उन्हात पाझरणारे काळे थेंब, कापल्यावर आत काळपट पट्टा, ही त्याची खूण. ते त्वचेला त्रास देतं आणि कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. त्याचं जेवणाचं टेबल, मुलांचा पलंग, भाजीच्या वाफ्याची कड करू नका. महामार्गावरच्या कठड्यात ते आवरणाखाली आणि उघड्या हवेत असतं, घरात तसं नसतं.

२०. सुतारकामानंतर प्लायचे, एमडीएफचे पोतंभर तुकडे उरलेत. पाणी तापवायच्या बंबात घालू का?

घालू नका. प्लाय, एमडीएफ आणि सनमायकामधला गोंद जळताना त्रासदायक वायू सोडतो. कडेची पीव्हीसी पट्टी आणि पीव्हीसीचा डब्ल्यूपीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. बंब बहुधा न्हाणीघराच्या दाराशी असतो, आणि तो धूर घरच्याच माणसांच्या छातीत जातो. हिरवट छटेचं, रसायन मुरवलेलं लाकूड तर चुलीजवळही नेऊ नका. त्यात आर्सेनिक असू शकतं आणि ते राखेत उरतं. ती राख भांडी घासायला किंवा झाडांना वापरली जाते.

निव्वळ लाकडाचे, बिनरंगाचे, बिनगोंदाचे तुकडे बाजूला काढा, ते बंबात चालतील. प्लायचे हातभर तुकडे सुताराला परत द्या किंवा शाळेच्या कार्यानुभवाच्या वर्गाला विचारा. बाकीचे सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून द्या. आणि पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधी सुताराबरोबर बसून आठ बाय चारच्या शीटवर कापणीची आखणी कागदावर करा. अर्धा तास लागतो आणि पोत्यातले बरेच तुकडे मुळात तयारच होत नाहीत.